धर्मानंद कोसंबी आणि धर्माचा डोळस अभ्यास

धर्माविषयी आपल्याकडे बोलले फार जाते. त्या मानाने वाचले फारच थोडे जाते. डोंगरकड्यासारख्या मराठवाड्यातील कोणत्याही मध्यम वस्तीच्या गावाचे वर्ष डोळ्यांपुढे आणावे. हरिनाम सप्ताह, पारायणे, बुद्धपौर्णिमा, जयंत्या, उरूस यांची मालिका बारा महिने चाललेली असते. आपल्या हिंगोली जिल्ह्याचा तर या बाबतीत मोठाच मान आहे. नामदेवांची नरसी येथलीच आणि औंढ्याचे नागनाथही येथलेच. परंतु याच नामदेवांची एकसष्ट पदे शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत, ती तेथवर कशी पोहोचली, त्यांची भाषा आणि मराठी अभंगांची भाषा यांत नाते कोणते, हे प्रश्न नरसीच्या यात्रेत सहसा निघत नाहीत. त्यांची चर्चा होते ती विद्यापीठांतील चर्चासत्रांत आणि बहुधा अशा भाषेत, जी यात्रेकरूला कळत नाही. श्रद्धा एका बाजूला आणि विद्या दुसऱ्या बाजूला, अशी ही फारकत आहे. मधली जागा मोकळी राहते आणि ती मोकळी जागा जो मोठ्याने बोलेल त्याच्या ताब्यात जाते.

अर्थशास्त्राच्या अध्यापकाने या विषयात का पडावे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर एका माणसाच्या चरित्रात आहे. या माणसाने आयुष्याच्या ऐन उमेदीत एक आर्थिक निर्णय घेतला आणि त्या निर्णयामुळे धर्माचा शास्त्रीय अभ्यास मराठी वाचकाच्या घरापर्यंत येऊन पोहोचला. हे गृहस्थ म्हणजे धर्मानंद कोसंबी. आजच्या विद्यार्थ्याला त्यांचे नाव माहीत असले तर ते बहुधा गणिती आणि इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे वडील म्हणून. ही ओळख खोटी नव्हे. पण अपुरी मात्र खचित आहे.

गोव्यातील सांखवाळ येथे ९ ऑक्टोबर १८७६ रोजी त्यांचा जन्म झाला. घराणे सारस्वतांचे, उपजीविका नारळीच्या बागांवर. पोर्तुगीज अमलाखालच्या त्या खेड्यात मराठी शिक्षणाची सोय जेमतेमच होती. प्रकृती नाजूक आणि घरच्या शेतीची कामे पाठीमागे लागलेली. शालेय शिक्षण नावालाच झाले आणि पंधराव्या वर्षी विवाह होऊन गेला. हा मुलगा पुढे जगातील नामांकित पाली पंडितांच्या पंक्तीला बसेल, असे भाकीत त्या वेळी कोणी केले असते तर तो थट्टेचा विषय झाला असता. परंतु वाचनाचे वेड होते. तुकारामांचे अभंग त्यांच्या मनात रुजले होते. अशातच ‘बालबोध मेवा’ या लहान मुलांच्या मासिकात आलेले बुद्धाचे चरित्र त्यांच्या हाती पडले. एका मासिकाची ती थोडी पाने. पण त्यांनी या तरुणाच्या जीवनाची दिशा पालटली. बुद्धाचा धर्म मुळात काय होता हे जाणून घ्यायचे, या एकाच ध्यासाने १८९९ च्या अखेरीस त्यांनी घर सोडले.

यापुढचा सात वर्षांचा प्रवास एखाद्या कादंबरीत शोभावा असा आहे. पुण्यात ते डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांना भेटले. भांडारकर हे संस्कृत विद्येचे महामेरू, शिवाय प्रार्थना समाजाचे धुरीण. धर्म मानावाही आणि तपासावाही, हा धडा देणारी ती पिढी होती. पुण्याहून ग्वाल्हेरमार्गे हा तरुण काशीला गेला, अन्नछत्रात जेवला आणि संस्कृत शिकला. नंतर बुद्धधर्माच्या शोधात नेपाळात गेला. तेथील धर्माची अवस्था पाहून निराश झाला आणि बोधगयेला आला. मूळ ग्रंथ पाली भाषेत आहेत आणि ती भाषा सिंहलद्वीपात शिकता येते, असे कळल्यावर १९०२ साली तो तेथे पोहोचला. कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात महास्थविर सुमंगलाचार्यांजवळ त्यांनी पालीचे अध्ययन केले व श्रामणेराची दीक्षा घेतली. पुढे ब्रह्मदेशात भिक्षू झाले. खिशात पैसा नाही, अंगात ताकद बेताची, परक्या अन्नाने प्रकृती वारंवार बिघडणारी. अशा स्थितीत संस्कृत, पाली, सिंहली, ब्रह्मी अशा भाषांशी आणि लिप्यांशी त्यांनी झुंज दिली. उद्देश एकच. बुद्धाविषयी दुसरे काय म्हणतात हे ऐकायचे नाही. मूळ ग्रंथ काय सांगतात ते स्वतः वाचायचे.

पन्नास रुपयांचा निर्णय

१९०६ साली भिक्षूची वस्त्रे उतरवून ते कलकत्त्यात पाली शिकवू लागले. प्रथम राष्ट्रीय महाविद्यालयात आणि नंतर विद्यापीठात. बौद्ध विद्येविषयी बंगालात आस्था होती, पगार चांगला होता, मान होता. कोणत्याही शहाण्या माणसाने तेथेच बूड टेकले असते. परंतु कोसंबींना एक गोष्ट सलत होती. हे ज्ञान आपण मिळविले खरे, पण ज्यांच्या भाषेत आपण वाढलो त्या मराठी माणसांना त्याचा उपयोग काय? या सुमारास बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी देऊ केले, की महाराष्ट्रातील कोणत्याही शहरी राहावे, दरमहा ५० रुपये तीन वर्षे मिळतील आणि त्याबदली वर्षाला एक पुस्तक लिहून द्यावे. कलकत्त्याच्या मिळकतीपुढे ही रक्कम अगदीच तुटपुंजी होती. कोसंबींनी ती पत्करली.

या व्यवहाराकडे अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहिले म्हणजे त्याचे मोल कळते. धर्माचे निखळ ज्ञान ही सार्वजनिक उपयोगाची वस्तू आहे. रस्त्यावरच्या दिव्याप्रमाणे तिचा लाभ सर्वांना होतो, म्हणूनच तिची किंमत मोजायला एकटादुकटा कोणी पुढे येत नाही. बाजारात खपते ते चमत्कारांचे पुस्तक. पाठभेद तपासणाऱ्या ग्रंथाला गिऱ्हाईक नसते. अशा विद्येचा खर्च कोणीतरी उचलावा लागतो आणि जो उचलतो त्याने निष्कर्ष काय निघावेत हे ठरवू नये, अशीही अट असते. सयाजीरावांनी पुस्तक मागितले. पुस्तकात काय लिहावे हे सांगितले नाही. कोसंबींनी मिळकत सोडली. मिळविलेले ज्ञान मात्र कोणाच्या दावणीला बांधले नाही. दाता आणि पंडित या दोघांनीही आपापली मर्यादा ओळखली, म्हणून हे कार्य उभे राहिले.

बडोद्यात त्यांनी दिलेली व्याख्याने ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ या नावाने १९१० साली प्रसिद्ध झाली. बुद्ध कोण, त्याची शिकवण कोणती, त्याच्या संघाचे नियम कसे घडले, हे मूळ पाली ग्रंथांच्या आधारे इतक्या सोप्या मराठीत तोवर कोणी सांगितले नव्हते. त्याच वर्षी हार्वर्ड विद्यापीठाचे बोलावणे आले. ‘विसुद्धिमग्ग’ या थोर पाली ग्रंथाचे संपादन हेन्री क्लार्क वॉरन यांच्या मृत्यूमुळे अर्धवट राहिले होते. ते पुरे करण्यासाठी ज्याच्यापाशी शाळेचे प्रमाणपत्रही नव्हते असा गोमंतकीय शेतकऱ्याचा मुलगा अमेरिकेत गेला. तेथील प्राध्यापक लॅनमन यांच्याशी श्रेयाच्या प्रश्नावरून मतभेद झाले, तेव्हा कोसंबी स्वाभिमानाने परत आले. पुढेही हार्वर्डने त्यांना बोलावले. सर्व मिळून ते चार वेळा तेथे गेले. त्या मालेत हा ग्रंथ प्रत्यक्ष बाहेर पडला तो १९५० साली, कोसंबींच्या निधनानंतर.

१९१२ ते १९१८ ही सहा वर्षे त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकविण्यात घालविली. मुंबई विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात पालीला स्थान मिळावे म्हणून भांडारकरांनी खटपट केली होती. तिला शिक्षक मिळाला तो कोसंबींच्या रूपाने. पु. वि. बापट यांच्यासारखे विद्वान याच वर्गातून तयार झाले. पुढे गुजरात विद्यापीठातही त्यांनी अध्यापन केले. १८८१ साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या पाली टेक्स्ट सोसायटीने बौद्ध ग्रंथ मोठ्या परिश्रमाने छापले होते खरे, पण ते रोमन लिपीत. म्हणजे भारतात उपजलेल्या बुद्धाचे वचन भारतीय विद्यार्थ्याने वाचायचे ते इंग्रजी अक्षरांतून! कोसंबींनी ‘विसुद्धिमग्ग’ देवनागरीत आणला. ‘सुत्तनिपात’ मराठीत आणला. वरवर पाहता ही कामे किरकोळ वाटतील. परंतु विद्या लोकांपर्यंत जाते ती अशाच वाटेने. आधी लिपी, मग भाषा आणि मग विचार.

पाण्याचे भांडण

धर्माचा शास्त्रीय अभ्यास म्हणजे काय, हे ज्याला थोडक्यात समजून घ्यायचे असेल त्याने त्यांचा ‘भगवान बुद्ध’ हा १९४०-४१ सालचा ग्रंथ वाचावा. राजपुत्र सिद्धार्थ रथातून बाहेर पडतो, त्याला वृद्ध, रोगी, प्रेत आणि संन्यासी दिसतो आणि मध्यरात्री पत्नी व पुत्र झोपेत असताना तो गृहत्याग करतो, ही कथा आपण शाळेत वाचली आहे. कोसंबींनी विचारले, ही कथा सर्वांत जुन्या ग्रंथांत आहे काय? त्यांनी दाखवून दिले की, जुन्या सुत्तांत ती गौतमाची म्हणून येत नाही; ती येते पूर्वीच्या विपस्सी नामक बुद्धाची म्हणून. उलट मज्झिमनिकायातील एका सुत्तात गौतमाने आईबाप रडत असताना, त्यांच्या देखत घर सोडल्याचा उल्लेख आहे. म्हणजे ते पलायन नव्हते. मग कारण कोणते? ‘सुत्तनिपात’ या प्राचीन संग्रहातील अत्तदंड सुत्तात, आटत चाललेल्या पाण्यातील माशांसारखी एकमेकांविरुद्ध तडफडणारी माणसे पाहून आपल्याला भय वाटले, असे बुद्धाने सांगितले आहे. शाक्य आणि कोलिय यांच्यामध्ये रोहिणी नदीच्या पाण्यावरून तंटा होता, ही परंपरा बौद्ध ग्रंथांत आहे. कोसंबींनी हे धागे एकत्र जुळविले. शुद्धोदन हा चक्रवर्ती राजा नव्हता. कोसलाच्या अंकित असलेल्या एका लहानशा गणराज्यातील तो एक शेती करणारा प्रमुख होता. शस्त्राने शस्त्र शमत नाही, हे पाहून त्याच्या मुलाने वेगळी वाट शोधली.

मराठवाड्याच्या वाचकाला हे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. कालव्याच्या शेवटच्या टोकावरच्या शेतकऱ्यापर्यंत पाणी पोहोचत नाही तेव्हा भावाभावांत काय घडते, ते आपण पाहतो. दंतकथेतील राजपुत्र आपल्यापासून फार दूर होता. पाण्याचे भांडण पाहून व्यथित झालेला हा शाक्य तरुण आपल्या शिवेवरचा वाटतो. कोसंबींनी बुद्धाचे देवत्व काढून घेतले, अशी तक्रार काहींनी केली. वस्तुतः त्यांनी बुद्धाला माणसांत आणून बसविले. पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्धा अँड हिज धम्म’ या ग्रंथातही गृहत्यागाचे कारण म्हणून रोहिणीच्या पाण्याचा तंटाच मध्यवर्ती ठेवलेला आहे. त्याच्या आदल्या वर्षी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपुरात लक्षावधी लोकांनी धर्मांतर केले. पंडितांच्या वर्तुळात राहिला असता असा एक प्रश्न अखेर खेड्यापाड्यांतील विहारांत येऊन पोहोचला.

मोजलेली किंमत

असे लिहिणाऱ्याला विरोध होणारच. ‘हिंदी संस्कृति आणि अहिंसा’ या १९३५ सालच्या ग्रंथात त्यांनी वैदिक व पौराणिक परंपरेची कठोर चिकित्सा केली. ती अनेकांना झोंबली. प्राचीन काळी बौद्ध व जैन श्रमणांच्या आहारात मांस असे काय, या प्रश्नावर त्यांनी जुन्या सूत्रांच्या आधारे जे लिहिले त्याने जैन समाजात क्षोभ उसळला. कोसंबींनी आधार दाखविले, आपले मत सोडले नाही. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. ज्या परंपरेविषयी त्यांनी अप्रिय प्रश्न विचारला, तिच्याविषयी त्यांच्या मनात आकस नव्हता. आयुष्याच्या अखेरीस त्यांनी ‘पार्श्वनाथाचा चातुर्याम धर्म’ हे पुस्तक लिहिले आणि अहिंसा, सत्य, अस्तेय व अपरिग्रह हे चार याम मानवजातीला आजही तारक आहेत, असे प्रतिपादन केले. चिकित्सा आणि आदर एकाच अंतःकरणात नांदू शकतात, याचा याहून मोठा पुरावा कोणता?

त्यांचे सर्वच निष्कर्ष टिकले, असे मात्र म्हणता येणार नाही. वेदपूर्व काळाविषयीची त्यांची काही अनुमाने आजच्या संशोधनाला मान्य होणार नाहीत. परंतु यात कमीपणा नाही. आधार देऊन मांडलेले मत आधार देऊनच खोडता येते, हीच तर शास्त्राची रीत होय. ज्या मताला खोडण्याची सोयच ठेवलेली नाही, त्याच्याशी संवाद होत नाही; त्याला शरण तरी जावे लागते किंवा त्याच्याशी भांडावे तरी लागते.

आणखीही एक हिशेब मांडावाच लागेल. कोसंबींनी घर सोडले तेव्हा त्यांची कन्या माणिक तान्ही होती. पत्नी बाळाबाईंनी जवळजवळ सात वर्षे वाट पाहिली. पती कोठे आहे, परत येणार की नाही, याची शाश्वती नसताना एकोणिसाव्या शतकातील त्या स्त्रीने काय सोसले असेल, याची नोंद कोणत्याही ग्रंथसूचीत सापडणार नाही. कोसंबी परतले, संसार पुन्हा सुरू झाला, १९०७ साली दामोदर जन्मला; पुढे मुलगा आणि मुलगी दोघांनाही त्यांनी शिक्षणासाठी अमेरिकेत नेले. हे सर्व खरे असले तरी ज्ञानासाठी जो त्याग झाला तो एकट्या धर्मानंदांचा नव्हता. थोर पुरुषांची चरित्रे लिहिताना ही बाजू गाळण्याची आपल्याकडे प्रथा पडली आहे. ती मोडली पाहिजे.

विद्या आणि समाज यांना त्यांनी वेगळे मानले नाही. १९३० साली शिरोड्याच्या मिठाच्या सत्याग्रहात ते उतरले आणि कारावास भोगला. १९३७ साली मुंबईत परळच्या कामगार वस्तीत त्यांनी बहुजन विहार उभा केला. हार्वर्डच्या ग्रंथालयात चालेल ते ज्ञान परळच्या चाळीतही चालले पाहिजे, हा त्यामागचा आग्रह होता. अखेर शरीर थकले, आता आपण कोणाच्या उपयोगी नाही असे वाटू लागले, तेव्हा जैन व बौद्ध परंपरांना परिचित असलेल्या अनशनाच्या मार्गाने देह ठेवण्याचे त्यांनी ठरविले. गांधीजींनी त्यांना त्यापासून परावृत्त करण्याचा प्रयत्न केला होता. सेवाग्राम आश्रमात ४ जून १९४७ रोजी त्यांचे प्राणोत्क्रमण झाले. स्वातंत्र्य तेव्हा अवघ्या दहा आठवड्यांवर आले होते.

आता प्रश्न आपला आहे. कोसंबींच्या काळी विद्यापीठे मोजकी होती, ग्रंथ दुर्मिळ होते, लिप्याही परक्या होत्या. आज मराठवाड्याला स्वतःची विद्यापीठे आहेत, गावोगावी महाविद्यालये आहेत, पाली हा विषय शिकविला जातो, ग्रंथ घरबसल्या उपलब्ध होतात. साधने वाढली, संवाद मात्र वाढला नाही. प्राध्यापकाची बढती अवलंबून असते ती संशोधनपत्रिकांत छापलेल्या निबंधांवर. गावच्या वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाला तेथे फारसे मोल नाही. ज्या गोष्टीला मोल नाही ती कमी निपजते, हा आमच्या शास्त्राचा अगदी प्राथमिक नियम आहे. तेव्हा केवळ प्राध्यापकांच्या आळसाला दोष देऊन भागणार नाही. विद्यापीठांनी मराठीतील सुबोध ग्रंथाला आणि लोकांपुढील व्याख्यानाला संशोधनाइतकाच मान दिला पाहिजे. सप्ताहावर, जयंतीवर, उरुसावर समाज स्वखुशीने पैसा खर्च करतो. त्याच खर्चातील लहानसा वाटा एखाद्या अभ्यासकाच्या व्याख्यानासाठी आणि चार चांगल्या पुस्तकांसाठी ठेवला, तर श्रद्धेचे काही उणे होणार नाही. अट एकच, बोलावणाऱ्याने वक्त्याला निष्कर्ष सांगू नयेत आणि वक्त्याने श्रोत्याला अडाणी समजू नये.

शिक्षकांचे काम तर याहूनही सोपे आहे. वर्गात बुद्धाच्या गृहत्यागाचा धडा येईल तेव्हा, ही कथा कोणत्या ग्रंथात आली आणि तिच्याहून जुना ग्रंथ काय सांगतो, एवढा एकच प्रश्न मुलांपुढे ठेवावा. नामदेवांचा अभंग शिकविताना त्यांची पंजाबातील पदेही वाचून दाखवावीत. त्याने कोणाची भक्ती बुडणार नाही. लहान मुलांच्या एका मासिकाने सांखवाळच्या एका मुलाला घराबाहेर काढले होते. आपल्या शाळेच्या कपाटात आज असे एखादे मासिक, असे एखादे पुस्तक आहे काय, हे या आठवड्यात कुलूप उघडून पाहावे.